पिक्चर कुठवर आलं?

कार्तिक सरत आला की आमच्या खालापूरकडच्या रस्त्यांना पेंढ्याचा वास येतो. चौक गाव सोडून आमच्या गावाकडे वळलं की ढाब्यांच्या फोडणीचा आणि गॅरेजमधल्या जळक्या ऑइलचा वास मागे पडतो आणि उन्हात तापलेल्या ताज्या पेंढ्याचा गोडसर, घशाला जरा खवखवणारा वास गाडीत शिरतो. मी काच खाली करते. नवरा म्हणतो, धूळ येतेय. मी म्हणते, येऊ दे. वर्षातून पंधरा दिवस मिळणारी धूळ आहे ती. डंपरची धूळ काय, बाराही महिने असते.

यंदाही आमचं भात झोडून झालं. झोडलं असं आपण म्हणतो एवढंच. आता ट्रॅक्टरला लावलेलं मशीन येतं, एका बाजूने भारे खातं, दुसऱ्या बाजूने पेंढा ओकतं आणि दोन तासांत खळं मोकळं करून पुढच्या घरी जातं. त्याच्या घरघराटाने शेजारच्या फार्महाउसमधली कुत्री वेडी होतात. आईला मात्र मशीन आवडतं, कारण तिला ते ऐकूच येत नाही. गेल्या काही वर्षांत तिचे दोन्ही कान गेले. आम्ही आणून दिलेलं कानाचं यंत्र तिने कपाटात लुगड्यांच्या घडीत जपून ठेवलंय. समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं आणि बोलणं ओळखायचं, ही तिची रीत. पहिल्यांदा भेटणारा माणूस तिच्या त्या बघण्याने गांगरतो. मला सवय आहे. तिच्याशी बोलताना मी शाळेत शुद्धलेखन घालते तशी एकेक शब्द सुटा करून बोलते.

मशीन गेलं की खळ्यावर एक शांतता उतरते, आणि त्या शांततेत मला दादा आठवतात. दादा म्हणजे माझे वडील. मशीन नव्हतं तेव्हा दुपारी ते खळ्याच्या मधोमध उभे राहायचे, भरलेलं सूप डोक्याच्या वर धरायचे आणि भाताला वारं द्यायला वाऱ्याची वाट बघायचे. वारा पडलेला असला की शीळ घालायचे. साधी, लांब, एका सुराची शीळ. शिळेने वारा येतो असं त्यांचा बाप सांगायचा म्हणून हेही घालायचे. कधी यायचा, कधी नाही यायचा. आला की सूप हळूहळू तिरकं व्हायचं, दाणे सरळ पायाशी पडायचे आणि कोंडा, पोकळ दाण्यांचं पोल सगळं लांब उडून जायचं. मी आणि आई झाडूने दाण्यांवरचं उरलंसुरलं पोल बाजूला करायचो. कुसळ मानेत शिरून खाज सुटायची. मला त्या खाजेचा तेव्हा राग यायचा.

आमच्या भागाला शूटिंगचं अप्रूप नाही. कर्जतकडे डोंगरांच्या पायथ्याशी कायम काही ना काही चालू असतं. चौकच्या नाक्यावर चहा पिताना समोरून टेंपोमध्ये अख्खा राजवाड्याचा दरवाजा जाताना बघितलाय मी, थर्माकोलचा. गावातले चार जण तरी गर्दीत उभे राहून आलेत. कुणाची बैलगाडी पडद्यावर गेलीय, कुणाची म्हैस. म्हशीचा मालक अजून सांगतो की हिच्यामुळे शॉट उठून दिसला. पण आमच्या दारात शूटिंग आलं ते काही वर्षांपूर्वीच्या एकाच कापणीला.

ते आणलं सुभाषभाऊंनी. सुभाषभाऊ कर्जतचे. आधी स्वतःचा टेंपो चालवायचे, मग शूटिंगवाल्यांचं सामान नेता नेता त्यांना जागा दाखवायला लागले आणि आता तोच त्यांचा धंदा. त्यांना उभं भात हवं होतं, शेजारी खळं, मागे डोंगर आणि मध्ये विजेचा एकही खांब नको.

"दादा, दोन तालुकं पालथं घातलं," ते ओट्यावर बसत म्हणाले. "डोंगर हाय तर खांब हाय, खांब नाय तर फार्महाउसचं कुंपण हाय. तुमचाच एक तुकडा निघाला."

दादांना काय वाटलं कोण जाणे. आमच्या जमिनीला कुणी एवढं नावाजलं नव्हतं. त्यांनी शब्द दिला, की बाकी सगळं कापतो, पण डोंगराकडचं खाचर उभं ठेवतो. शूटिंग आज येतं उद्या येतं करता करता आठ दिवस गेले. भात पिकून वाकलं, दाणे गळायला लागले. आईने त्या आठ दिवसांत दादांना जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. "उंदरांना पिक्चर दाखवताय का?" असं तिने विचारल्याचं मला फोनवर दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितलं; तेव्हा आईला ऐकू यायचं.

दादांना काम मिळालं ते अपघाताने. दिग्दर्शकाने खळ्यावर एक म्हातारा नट उभा केला होता, पण त्याला सूप धरता येईना. दाणेही उडायला लागले, कोंडाही. दादांना ते बघवलं नाही. त्यांनी पुढे होऊन त्याच्या हातातून सूप घेतलं, आणि मग ते सूप त्यांच्याकडेच राहिलं. पुढची गंमत आईने मला सांगितली. रंगभूषा करणाऱ्या बाईने दादांच्या अंगावरची धूळ ओल्या रुमालाने पुसून काढली आणि डबीतली स्वतःची धूळ लावली. "माजी काय वाईट होती?" असं दादांनी तिला विचारलं म्हणे.

त्यांच्या वाट्याला एकच वाक्य होतं. शहरातून मुलगा परत येतो, बांधावर उभा राहतो. खळ्यावरचा म्हातारा वळून त्याला बघतो आणि म्हणतो, "आलास का रं पोरा? लई दिस लावलंस."

दादांनी विचारलं, "लई दिस? असं आमी नाय बोलत."

"बाबा, ते ग्रामीण वाटलं पाहिजे," दिग्दर्शक म्हणाला.

"आमी ग्रामीणच हाय ना?"

सगळे हसले, पण वाक्य काही बदललं नाही. दादांनी ते पाठ केलं. परीक्षेला बसल्यासारखे दिवसभर पुटपुटत होते, असं आई म्हणते. डोक्यावर लांब दांडीला केसाळ माइक लटकत होता, त्याच्याकडे बघून एकदा वाक्य विसरले. "मांजर टांगल्यागत दिसतंय," म्हणाले, आणि पुन्हा सुरुवात. सात-आठ वेळा तेच. प्रत्येक वेळी तोंडावर पाठांतर दिसत होतं. मध्येच वारा पडला. दादांनी सवयीने शीळ घातली. ते बघून दिग्दर्शकाने टेंपोमधला मोठा पंखा उतरवायला सांगितला. माणसाच्या उंचीचा, जाळीचा पंखा. तो लागला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. दादांचं मत त्याच्याबद्दल बरं नव्हतं. वारा श्वास घेतो आणि हा घेत नाही, एवढंच ते म्हणाले.

मी पोचले ती नेमकी तेव्हा. पनवेलहून एका दिवसाची रजा काढून आले होते. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि रजा मागणं हे मला उधार मागण्यासारखं वाटतं, म्हणून एकच दिवस. बांधावरून चालत जाऊन कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिले. पंखा घरघरत होता. उन्हात कोंडा सोन्यासारखा उडत होता आणि त्याच्या पलीकडे दादा. त्यांनी मान वळवली. तोंडभर असं काही हसू आलं त्यांच्या, की मला ते अजून दिसतं. त्यांचे ओठ हलले, आणि थोड्याच वेळात "कट" अशी आरोळी ऐकू आली. दिग्दर्शक धावत जाऊन त्यांना मिठीच मारायला लागला. "बाबा, हाच! हाच आनंद पाहिजे होता!" म्हणाला. माझ्या बापाला अभिनय येतो हे मला तेव्हा कळलं. अभिमान वाटला. शाळेत जाऊन सांगायचं ठरवलंही.

दुपारी सगळ्यांबरोबर शूटिंगवाल्यांच्या तंबूत जेवलो. चार वाजता मी निघाले. चाचणीचे पेपर तपासायचे होते. "ऱ्हा की आजचा दिवस, सकाळी जा," दादा म्हणाले. मी म्हटलं, पुढच्या रविवारी येते. त्यांनी माझ्या पिशवीत नव्या तांदळाची पुरचुंडी टाकली आणि रस्त्यापर्यंत आले. अंगावर ती डबीतली धूळ तशीच होती.

त्यानंतर दर आठवड्याला फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "आपलं पिक्चर कुठवर आलं?"

मी मराठीची बाई. कधी येणार, कधी लागणार असं विचारतात, कुठवर आलं असं नाही, हे मी त्यांना सांगून बघितलं. पण त्यांच्या लेखी पिक्चर ही रस्त्याने येणारी वस्तू होती. त्यांच्या तरुणपणी पिक्चर पेटीतून यायचं. पत्र्याच्या गोल डब्यांत रिळं, डबे लाकडी पेटीत, आणि पेटी कर्जत स्टेशनात उतरायची. एकाच प्रतीवर दोन गावं चालवायची. इकडची रिळं संपली की सायकलवरून तिकडे. कधी पेटी चुकून भलत्याच स्टेशनात उतरायची आणि लोक थिएटरच्या पायऱ्यांवर शेंगा खात बसून राहायचे. बाहेर येऊन कुणीतरी सांगायचं, पेटी नेरळला आलीय, निघालीय. लोक उठायचे नाहीत. येणारी वस्तू वाटेत आहे म्हटल्यावर घरी कशाला जायचं? दादा तसे वाट बघत होते.

मी सुभाषभाऊंना फोन करायचे आणि ते सांगतील ते दादांना सांगायचे. "एडिटला बसलंय," सुभाषभाऊ म्हणाले. म्हणजे नको ते कापून टाकतायत, असं मी दादांना समजावलं.

"म्हंजे वारं देतायत," दादा म्हणाले. मग वर, "मी कोंड्यात गेलो नाय म्हंजे मिळवलं."

ही भीती त्यांना बरेच महिने होती. मग कळलं, शॉट आहे. मग रंगाचं काम, मग संगीत, मग डबिंग चालू आहे, मग सेन्सॉरला गेलं, मग परत आलं. आणि मग काहीच नाही. एक कापणी गेली, दुसरी आली. "आता कुठं अडलं?" दादा विचारायचे. सुभाषभाऊ म्हणाले, "पिक्चर तयार हाय, पण घेनारा नाय." शंभर माणसं उन्हात उभी राहून पिक्चर करतात, ते मला दिसलं होतं. ते लोकांपर्यंत न्यायला एक वितरक लागतो, तो थिएटरवाल्यांना सांगतो, थिएटरवाले बघतात की त्या शुक्रवारी कुठलं मोठं हिंदी येतंय, आणि उरल्यासुरल्या वेळात आपल्याला बसवतात. हे मला दादांना कसं सांगावं कळेना. शेवटी म्हटलं, गिरणीत नंबर लागलाय, पुढे मोठ्या लोकांची पोती आहेत. ते त्यांना लगेच पटलं.

पिक्चर लागलं ते मार्चमध्ये. पनवेलच्या मॉलमधल्या एका पडद्यावर, रोज एक खेळ, सकाळी पावणेअकराचा. त्या वेळेला नोकरदार नोकरीवर, पोरं परीक्षेत, बाया स्वयंपाकात. तो खेळ कुणासाठी लावतात हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

सुभाषभाऊंनी आदल्या दिवशी कळवलं होतं. दादांचा फोन आला तेव्हा आवाज चढलेला होता. "आलं गं! पनवेलला आलं! कवा जायचं?"

माझ्याकडे दहावीच्या पेपरांचे गठ्ठे होते. तारखेला परत द्यायचे होते. मी म्हटलं, "दादा, हा रविवार सोडून पुढच्या रविवारी. पिक्चर काय पळून जात नाही."

ते हो म्हणाले. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. एस.टी.ने एकटे जा असं मी म्हटलं नाही आणि ते त्यांना सुचलं नाही. बाजूच्या कुंभिवली गावातल्या त्यांच्या भाच्याला सांगून गाडी करता आली असती. तेही मला सुचलं नाही. पिक्चरचं आयुष्य शुक्रवार ते गुरुवार असतं, शनिवार-रविवारी माणसं आली नाहीत तर पुढच्या शुक्रवारी ते उतरवतात, हे मला ठाऊकच नव्हतं. एवढी पुस्तकं वाचली, पण हे कुठे लिहिलेलं सापडलं नव्हतं.

ठरलेल्या रविवारी दादा आणि आई सकाळी साडेनऊलाच आमच्या दारात. दादांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, दाढी चकचकीत, डोक्याला तेल. आईने माझ्या लग्नातलं पातळ नेसलं होतं. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला आई घाबरली म्हणून आम्ही साध्या जिन्याने तीन मजले चढलो. खिडकीवरच्या मुलीने यादीवर बोट फिरवलं आणि ते नाव तिला सापडेना. मग मॅनेजर आला. बिचारा चांगला माणूस होता. त्याने आम्हाला बाजूला घेतलं.

"काका, तो सिनेमा गुरुवारी उतरला."

दादांना कळलं नाही. "परत गेला का? पेटी गेली?"

"पेटी नसते आता. फाईल असते. ती आमच्या मशीनमध्ये आहे, पण ती उघडायला चावी लागते. कंपनी पाठवते. तिची मुदत गुरुवारपर्यंतच होती."

"म्हंजे पिक्चर हितंच हाय? आत?"

"हो. आतच आहे. पण चावी संपली."

दादा त्या बंद दरवाज्याकडे बघत राहिले. दाराच्या आतून दुसऱ्याच कुठल्या तरी सिनेमाच्या धडामधूमचा आवाज येत होता. मी मॅनेजरशी वाद घालायला लागले. आवाज चढवला. हे यात आहेत हो, हे माझे वडील, यांनी यात काम केलंय, पाच मिनिटांचं काम आहे, दाखवा तेवढं. तो हात जोडत होता. दादांनी माझं कोपर धरलं.

"ऱ्हाऊ दे गं. त्याचा काय दोष? आपणच उशिरा आलो."

आपण म्हणाले ते. तू नाही म्हणाले. त्या "आपण"ने मला जितकं मारलं तितकं दुसऱ्या कशानेच नाही. घरी परतताना त्यांनी आईला मॉलमधली माणसं कशी भित्र्यासारखी चालतात याची नक्कल करून दाखवली आणि ती हसलीही. पांढरा सदरा त्यांनी घरी गेल्यावर काढून नीट घडी करून ठेवला. पुढे कधीतरी लागेलच, म्हणाले.

त्या पावसाळ्यात दादा गेले. लावणी आटोपली होती. दुपारी ओट्यावर आडवे झाले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. हे वाक्य डॉक्टर लोक कशाच्या आधारावर म्हणतात?

माझ्याकडे त्यांचे फोटो भरपूर आहेत. आवाज नाही. हल्लीच्या काळात हे कुणाला खरं वाटत नाही. फोनवर व्हिडिओ घ्यायला लागले की ते ताठ उभे राहून गप्प व्हायचे. "बोला ना काहीतरी," म्हटलं की म्हणायचे, "नको. तू परत माजं कायतरी सुधारशील." हे थट्टेने म्हणायचे. पण थट्टा हवेतून येत नाही. मी बी.एड.ला होते तेव्हा त्यांना 'हाय' नाही 'आहे' म्हणा, 'नाय' नाही 'नाही' म्हणा, असं जेवतानासुद्धा सांगायचे. नव्या नव्या शिकल्याचा माज. आठ-दहा व्हिडिओ आहेत, सगळ्यांत माझा बाप ओठ मिटून उभा आहे. त्यांचा आवाज खर्जातला होता, कापणीच्या दिवसांत धुळीने बसलेला असायचा. हे मी लिहू शकते. ऐकू शकत नाही. हळूहळू तो मला डोक्यातही नीट आठवेनासा झाला. तेव्हा मी घाबरले.

मग एकच जागा उरली. ते पिक्चर. डोक्यावर ते मांजर टांगलेलं होतं, म्हणजे आवाज कुठेतरी पकडलेला आहे. एक वाक्य का होईना. मी सुभाषभाऊंच्या मागे लागले. कॉपी मिळेल का, तुकडा मिळेल का? पिक्चरच्या हक्कांचं भांडण लागलं होतं, कुणी कुणाला काही देत नव्हतं. वर्षं गेली. आणि यंदा आमच्या खळ्यावरचं मशीन निघून गेलं त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "ताई, चॅनेलनं घेतलं. रविवारी दुपारी दोनला लागतंय. आईला घेऊन बसा."

मी शनिवारीच गावी आले. आई टीव्ही आवाज बंद ठेवूनच बघते. तिला त्याने फरक पडत नाही. तोंडं वाचून मालिकांची भांडणं तिला अचूक कळतात. फक्त दक्षिणेकडचे पिक्चर हिंदीत करून दाखवतात ते तिला चालत नाहीत. "यांचं काय कळत नाय, कायतरी निराळंच बोलतात," असं म्हणते आणि बंद करते. त्या दिवशी मी आवाज सुरू केला आणि शेवटपर्यंत वाढवला. आईने जेवणं लवकर उरकायला लावली होती आणि स्वच्छ लुगडं नेसून बसली होती.

पिक्चर बरं होतं की वाईट, मला विचारू नका. पाऊण तासाने आमचा डोंगर आला. आमचं उभं खाचर आलं, गळायला आलेलं. मग खळं, उडणारा कोंडा, आणि दादा. केवढे मोठे, केवढे जिवंत! मानेवरची शीर दिसत होती. त्यांनी वळून बघितलं. ते हसू आलं. ओठ उघडले.

"आलास का रं पोरा? लई दिस लावलंस."

कुणाचा तरी घोटीव, भारदस्त आवाज होता. स्टुडिओतल्या कुणा गुणी माणसाचा. शब्द स्वच्छ होते, जितके ग्रामीण वाटायला हवे तितके ग्रामीण होते. पंख्याच्या घरघराटात दादांचं काहीच कामाचं उरलं नसणार, हे मला त्या क्षणी कळलं. डबिंग म्हणजे काय हे मला माहीत होतं. ते आपल्या बापाचं करतात हे सुचलं नव्हतं. "हा आवाज दादांचा नाही," मी मोठ्याने म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. मला रडू आवरेना. इतकी वर्षं मी या एका वाक्यासाठी थांबले होते.

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती टीव्हीकडे बघत होती आणि तिचा चेहरा उजळला होता. तिने माझ्या मांडीवर थाप मारली.

"बघितलंस? तुला बोलतायत."

मी डोळे पुसले आणि तिच्याकडे तोंड करून सुटं सुटं बोलले. "आई, ते हिरोला म्हणतायत. आलास का रं."

"रं कुठला? गं म्हणाले. आलीस का गं बाय, म्हणाले. उन्हात हुबी ऱ्हाऊ नको, सावलीला ये." तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "तू नाय ऐकलंस?"

शेवटाकडे हिरोला गावाची आठवण येते तेव्हा तो शॉट पुन्हा आला. संथ केलेला, वर नुसती बासरी. मी टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर जाऊन बसले. दादांची नजर हिरोवर नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून मागे, कॅमेऱ्याच्याही मागे कुणाकडे तरी लागली होती. ओठ हलले. आ. लीस. मी पोरांना उच्चार शिकवते, मला ओठ कळतात. मग एक लहानसा गं, आणि ओठ मिटून उघडलेला तो बाय. दिग्दर्शकाला जो आनंद हवा होता तो सात-आठ वेळा मिळाला नव्हता आणि मग एकदम मिळाला. मी त्याला अभिनय समजले होते.

मागून आईने विचारलं, "मग तू काय बोललीस तवा त्यांना?"

मी तिच्याकडे वळले. "आले दादा, असं म्हणाले," मी सांगितलं.

तिने माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, समाधानाने मान हलवली आणि पुन्हा टीव्हीकडे वळली.

मी काहीच म्हणाले नव्हते. शाळेतून फोन आला होता, उद्याच्या तासिकांबद्दल. मी तो कानाला लावूनच बांधावरून आले होते. दादा हसले, काहीतरी बोलले, आणि मी त्यांना हाताने 'थांबा' अशी खूण केली आणि नीट ऐकू यावं म्हणून पाठ फिरवली.